गिरसप्पाचा धबधबा गाडीने पाहायला जाताना: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आपण महाराष्ट्रात ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणतो, तो कर्नाटकातला जोग. शिवमोग्गा आणि उत्तर कन्नड या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर शरावती नदी २५३ मीटर, म्हणजे सुमारे ८३० फूट, सरळ खाली झेपावते. पुण्याहून हे अंतर साधारण ६०० किलोमीटर आहे, मुंबईहून साडेसातशेच्या आसपास. इतकी लांबची मजल मारून आलेली बरीच मंडळी कठड्याशी तासभर उभी राहतात, धुक्यात काही दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि संध्याकाळच्या आत मुर्डेश्वर गाठायचे म्हणून निघून जातात. मला त्यांचे फार वाईट वाटते, कारण त्यानंतर अर्ध्या तासात पडदा उघडलेला मी पाहिला आहे. म्हणून पहिली गोष्ट ठरवून टाका: जोगला एक मुक्काम करायचा. एक दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढी त्याच्या नावाने राखून ठेवायची. बाकीची सहल त्याभोवती बसवायची.

आधी पाण्याचे गणित समजून घ्या

जोगचे पाणी आता फक्त पावसाच्या हातात नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला, सहा-सात किलोमीटरवर, लिंगनमक्की धरण आहे. ते १९६४ मध्ये पूर्ण झाले. शरावतीचे बहुतेक पाणी तिथे अडते आणि बोगद्यांतून, नळांतून वीजनिर्मितीसाठी वळवले जाते. १,०३५ मेगावॉटचे शरावती वीजकेंद्र याच पाण्यावर चालते. त्याआधीही, १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले महात्मा गांधी जलविद्युत केंद्र याच नदीवर उभे राहिले होते.

याचा तुमच्या सहलीशी सरळ संबंध आहे. मार्च ते मे या दिवसांत गेलात तर काळ्या कड्यावर पाण्याच्या चार-दोन बारीक दोऱ्या लोंबताना दिसतील. कडा तेव्हाही भव्य असतो, पण धबधबा पाहायला म्हणून गेलेला माणूस नाराज होतो. पावसाळ्यात धरण आणि धबधबा यांच्यामधल्या भागात जो पाऊस पडतो, त्याच्यावर धबधबा भरतो. आणि धरणच काठोकाठ भरले, तर दरवाजे उघडतात. तेव्हा चार वेगळ्या धारा राहतच नाहीत, सगळा कडा पांढरा होतो. हे दरवर्षी घडत नाही. काही वर्षी धरण भरतच नाही.

लिंगनमक्कीची पूर्ण पातळी १,८१९ फूट आहे. हा आकडा लक्षात ठेवा. पावसाळ्यात कर्नाटकातली वर्तमानपत्रे धरणांची पातळी रोज छापतात, त्यांच्या संकेतस्थळांवरही ती मिळते. पातळी १,८१५च्या पुढे गेली असेल आणि पाऊस टिकून असेल, तर दरवाजे उघडण्याची शक्यता धरून चाला. मात्र दरवाजे उघडल्याची बातमी आली की शनिवार-रविवारी तिथे जत्रा भरते. दोन-तीन किलोमीटरपर्यंत गाड्यांची रांग लागते. अशा वेळी मंगळवार-बुधवार साधता आला तर सोने.

महिना कोणता धरायचा

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर अखेर हा काळ धरावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे गणपती विसर्जन आटोपले की घरची मंडळीही मोकळी असतात. पाणी भरपूर असते, पाऊस सरीसरीने येतो आणि मधे उघडीप मिळते. जुलैत पाण्याला तोटा नसतो, पण धुकेही तितकेच दाट असते आणि घाटरस्ते नाजूक असतात. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ, फोटो सुरेख, पाणी मात्र बेताचे. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्ट्या आल्या की गर्दी हमखास, तो आठवडा सोडून द्या.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहायचा आणि तो मनावर घ्यायचा. उत्तर कन्नड किंवा शिवमोग्गा जिल्ह्याला लाल इशारा असेल, तर चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता वर्तवलेली असते. अशा दिवशी घाटात गाडी घालू नका, दोन दिवस थांबा. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर इथे राष्ट्रीय महामार्ग ६६वर डोंगर खाली आला. रस्त्याकडेच्या हॉटेलातली माणसे आणि थांबलेली वाहने गंगावळी नदीत लोटली गेली. ती माणसे चहा प्यायला थांबली होती, एवढेच. हॉटेलचे बुकिंग वाया गेले तर पैसे जातात, तेवढे जाऊ द्यावेत.

आणखी एक चौकशी आवर्जून करायची: प्रवेश सुरू आहे का? जोगच्या परिसरात गेली काही वर्षे नूतनीकरण चालू आहे. २०२५च्या सुरुवातीला मुख्य प्रवेशद्वाराच्या कामासाठी पर्यटकांना काही काळ बंदी होती. ज्या हॉटेलात मुक्काम करणार, तिथे फोन करून विचारले की पक्की माहिती मिळते.

जाताना पठारावरून, येताना समुद्राकडून

महाराष्ट्रातून जोगला जायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक देशावरचा: पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तिथून मुंडगोडवरून शिरसी, मग सिद्धापूर आणि जोग. दुसरा किनाऱ्याचा: सावंतवाडी, गोवा, कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर आणि तिथून गेरुसोप्पा घाट चढून जोग. होन्नावर ते जोग साधारण ६० किलोमीटर आहे, शिरसी ते जोगही जवळपास तेवढेच.

एका रस्त्याने जा आणि दुसऱ्याने या. जाताना देशावरचा घ्या. महामार्ग हुबळीपर्यंत सलग आहे, त्यामुळे ताज्या दमात लांबचा पल्ला उरकतो आणि घाटाची कसरत दमलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला येत नाही. फक्त सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते आहेत, तिथे तास-दीड तास जास्तीचा धरा. परतीला घाट उतरून समुद्राकाठाने या.

नकाशात पत्ता टाकताना गिरसप्पा किंवा गेरुसोप्पा टाकू नका, ‘जोग फॉल्स’ टाका. गेरुसोप्पा हे घाटाच्या पायथ्याचे वेगळे गाव आहे. आपल्याकडचे नाव त्याच गावावरून पडले, पण धबधबा तिथून बराच वर आहे. संध्याकाळी अंधारात तिथे पोचून रस्ता विचारण्याची वेळ नको.

गाडी आणि पिशवी

टायर, ब्रेक आणि वायपर या तीन गोष्टी निघण्याच्या आठवडाभर आधी बघून घ्या. वायपरचे रबर कडक झाले असेल तर सरळ बदला. मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ पट्ट्याच्या, पावसात काच पुसली जात नसेल तर गाडी पुढे नेताच येत नाही. पुढच्या काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा एसीची हवा काचेकडे वळवायची सवय करा. विमा, पीयूसी, आरसी यांच्या प्रती फोनमध्ये आणि मूळ कागद गाडीत. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, पुणे ते हुबळी टोलनाके बरेच आहेत. इंधन हुबळीत किंवा शिरसीत पूर्ण भरून घ्यायचे, जंगलातल्या टप्प्यात पंपाच्या भरवशावर राहायचे नाही.

छत्री घरीच ठेवा. कठड्यावर वारा खालून वर येतो, पाण्याचे तुषार घेऊन येतो आणि छत्री उलटी करतो. डोक्यावर टोपी असलेला रेनकोट उपयोगी पडतो. पायांत मागे पट्टा असलेले, तळव्याला खाचा असलेले बूट किंवा सँडल हवेत. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नको, कारण भर पावसात डिकी उघडायची म्हणजे सगळेच सामान भिजते. मोबाइल आणि कॅमेऱ्याची काच पुसायला दोन-तीन सुती रुमाल घ्या, एक पुरत नाही. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी. आणि थोडे मीठ, एका डबीत. ते जळवांसाठी आहे. शिरसी-सिद्धापूरच्या जंगलात पावसाळ्यात जळवा असतातच. पायाला चिकटली तर ओढून काढू नका, वर मीठ टाका, आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहते, घाबरायचे कारण नाही. जखम धुऊन वर पट्टी लावली की झाले.

पहिला दिवस: शिरसीपर्यंतच

पुण्याहून पहाटे पाचला निघा. नाश्ता कोल्हापुराच्या अलीकडे, जेवण बेळगाव किंवा धारवाडला. हुबळी सोडून मुंडगोडकडे वळलात की प्रदेश बदलत जातो. काळी माती, कापूस आणि मोकळी शेते मागे राहतात, झाडे दाटू लागतात. मुंडगोडला १९६०च्या दशकात वसलेली तिबेटी लोकांची मोठी वसाहत आहे. वेळ असेल तर तिथला एखादा मठ पाहा. नाहीतर सरळ शिरसी. काळोख पडायच्या आत शिरसीत पोचायचे, हे धोरण सोडू नका. उरलेले ६० किलोमीटर दीड तासाचे वाटतात, पण ते रात्रीच्या पावसात करण्यात काहीच हशील नाही. गुरे रस्त्यावर बसलेली असतात आणि वळणांवर दिवे नसतात.

शिरसी हे सुपारीचे, मिरीचे, वेलदोड्याचे गाव. राहायला साधी, स्वच्छ हॉटेले भरपूर आहेत. मारिकांबेचे देऊळ गावात आहे, सकाळी लवकर दर्शन होते. या भागातल्या हव्यक ब्राह्मणांच्या स्वयंपाकात तंबुळी असते, पालेभाजी किंवा औषधी पाला वाटून ताकात कालवलेली, भाताबरोबर थंडच खायची. खानावळीत मिळाली तर सोडू नका. तोडदेव नावाची उसाच्या रसाची पापडासारखी पातळ मिठाईही याच मुलखातली, ती घरी न्यायला टिकाऊ आहे.

कन्नड येत नाही म्हणून अडत नाही. बेळगाव-कारवारकडे मराठी-कोंकणी चालते, पुढे हिंदीवर भागते. तरी चार शब्द पाठ करून ठेवा, माणसे खुलतात. ‘दारी हेगिदे?’ म्हणजे रस्ता कसा आहे? ‘मंजु इदेया?’ म्हणजे धुके आहे का? ‘एष्टु?’ म्हणजे किती? आणि कोणी ‘निधान’ म्हणाले तर ते गाडी सावकाश चालवा असे सांगत आहेत. ऐका.

धुक्यातली गाडी

सिद्धापूर सोडल्यावर धुके रस्त्यावर उतरू शकते. हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार हे कळेनासे होते. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चालवा. अगदीच दिसेनासे झाले तर रस्ता पूर्ण सोडून, एखाद्या दुकानापाशी किंवा पंपावर थांबा. कापलेल्या डोंगराच्या कुशीत कधीच थांबू नका. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेक दाबत राहिलात तर ते तापतात. चढणारी गाडी समोरून आली तर तिला आधी जाऊ द्यायचे.

आधी उत्तर काठ, मग दक्षिण काठ

नवखे लोक इथेच चुकतात. ते थेट पूल ओलांडून मुख्य प्रवेशद्वाराशी जातात आणि तेवढेच पाहून परततात. जोगला दोन काठ आहेत आणि दोन्हींवरून दिसणारा धबधबा निराळा आहे.

सिद्धापूरकडून येताना माविनगुंडीला होन्नावरचा रस्ता येऊन मिळतो. तिथून पुढे, नदी ओलांडण्यापूर्वी, उत्तर काठावर इंग्रजांच्या काळातला एक बंगला आहे. हा भाग, म्हणजे आजचा उत्तर कन्नड जिल्हा, १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता आणि पलीकडचा काठ म्हैसूर संस्थानात. नदी ही दोन राज्यांची सीमा होती. म्हणून या बंगल्याला जुनी माणसे बॉम्बे बंगला म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले जे लोक सरकारी नोकरीत कारवार जिल्ह्यात होते, ते गिरसप्पा पाहायला आले असतील तर ते मुंबई सरकारच्याच हद्दीतून खाली डोकावले असतील.

इथे तुम्ही धबधब्याच्या माथ्याशी असता. राजा नावाची धार अगदी जवळून सुटते. पाणी काठाशी येईपर्यंत ओढ्यासारखे खडकांतून वाहत असते आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते. आवाज समोरून येत नाही, खालून येतो, छातीत जाणवतो. कठड्याच्या आत राहा. पूर्वी लोक कड्यावर पालथे पडून खाली बघत, आता तसे करायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. पावसाळ्यात त्या खडकांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, चांगले बूटही तिथे टिकत नाहीत. मुलांचा हात सोडू नका, मोबाइल असलेला हात कठड्याबाहेर काढू नका.

या काठावर सकाळी उशिरा या, साधारण दहा-अकराला. तासभर पुरे. मग पूल ओलांडून शिवमोग्गा जिल्ह्यात जा आणि दुपार तिकडे घालवा. कारण असे, की शरावती इथे पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य कड्याच्या मागे असतो आणि धबधबा सावलीत राहतो. दुपारी तीननंतर ऊन तुमच्या पाठीकडून त्याच्या अंगावर पडते. ढग फाटले तर इंद्रधनुष्य तुषारांत उमटते, कधी दोन उमटतात.

मुख्य कठड्यावर

तिकीट काढून आत गेलात की डावीकडून उजवीकडे चार धारा ओळखा: राजा, रोअरर, रॉकेट, राणी. राजा एकसंध खांबासारखा, कुठेही कड्याला न टेकता थेट तळाशी जातो. रोअरर खडकाच्या खोबणीतून गर्जत येतो आणि निम्म्यावर राजाला जाऊन भिडतो. रॉकेटचे पाणी खडकावर आपटून फवाऱ्यासारखे उसळत खाली जाते. राणी कड्याला अंग घासत, पदर पसरावा तशी सावकाश उतरते. एकेका धारेकडे वेगवेगळे बघा. राजाच्या माथ्याशी एखादा पाण्याचा पांढरा लोळ निवडा आणि तो तळाशी जाईपर्यंत नजर त्याच्यावरून हलू देऊ नका. पाणी पडत नाही, तरंगत खाली जाते असे वाटते. २५३ मीटर म्हणजे काय, ते तेव्हा कळते.

आता धुक्याबद्दल. तुम्ही पोचाल तेव्हा समोर पांढरी भिंत असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आवाज येतो, दिसत काहीच नाही. हा काही बेत फसल्याचा पुरावा नव्हे. दरीतून वर येणारा वारा हे धुके सतत हलवत असतो. आधी पायाखालच्या झुडपांचे शेंडे स्पष्ट होतात, मग दरीचा खालचा हिरवा भाग दिसू लागतो, मग उजवीकडे राणीचा एक तुकडा, अधांतरी, वरही कडा नाही आणि खालीही नाही. त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत चारही धारा एकदम समोर येतात आणि कठड्यावरची सगळी माणसे एकाच वेळी ओरडतात. पाच मिनिटांत पुन्हा बंद. हे दिवसभर चालते. म्हणून गरम भुट्टा किंवा मिरची भजी घ्या, भिजत उभे राहा आणि वाट बघा. तासभर काही दिसले नाही तर खोलीवर जाऊन चहा पिऊन परत या. कॅमेरा धुके हटल्यावर पिशवीतून काढू नका, आधीच हातात तयार ठेवा. आणि पहिल्या उघडीपीत फोटो न काढता नुसते बघा, असे मी कळकळीने सांगेन. दुसरी उघडीप येतेच.

माकडे आहेत. हातातली पिशवी, थंड पेयाची बाटली, मुलांच्या हातातली बिस्किटे ओढून नेतात. खायला घालू नका. त्यांना माणसाच्या हातचे खायची सवय लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात.

पायऱ्या उतराव्यात का?

कठड्यापासून दरीच्या तळापर्यंत साधारण १,४०० पायऱ्या आहेत. जोरदार पावसात ही वाट बंद ठेवतात. बंद असेल तर रखवालदाराशी वाद घालू नका. उघडी असेल आणि गुडघे, दम ठीक असतील तर अवश्य उतरा, निदान निम्म्यापर्यंत. वरून जो धबधबा चित्रासारखा समोर असतो, तो खालून डोक्यावर येतो. उतरायला पाऊण तास, चढायला दीड ते दोन तास धरा, म्हणजे दुपारी दोनच्या आत निघायला हवे. सोबत पाणी आणि गूळ-शेंगदाणे. उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल आडवे टाका, लोखंडी आधार असेल तिथे धरा. तळाशी पाण्यात उतरायचे नाही. वरच्या भागात पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सुटले तर पातळी बघता बघता वाढते. ज्येष्ठ मंडळींनी हा मोह टाळावा. उतरणे सोपे जाते म्हणून माणूस खाली पोचतो आणि चढताना छाती भरून येते, तिथे डोलीची किंवा गाडीची सोय नाही.

रात्रीचा मुक्काम जोगलाच करा. कर्नाटक पर्यटन विकास महामंडळाचे मयूरा गेरुसोप्पा हे हॉटेल धबधब्याच्या परिसरातच आहे, त्याची खोली आधीच राखून ठेवावी लागते. तिथे जागा नसेल तर ताळगुप्प किंवा ३० किलोमीटरवरचे सागर. पहाटे सहाला पुन्हा कठड्याशी जाता यावे हा मुक्कामाचा खरा फायदा. प्रवेशाची वेळ मात्र आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. सकाळी बसगाड्या आलेल्या नसतात आणि आवाज पूर्ण ऐकू येतो, लोकांच्या गलक्याशिवाय.

एक दिवस जास्तीचा असेल तर

उंचळ्ळी बघा. अघनाशिनी नदीचा हा ११६ मीटरचा धबधबा सिद्धापूर तालुक्याच्या जंगलात आहे. गाडी लावून थोडे चालावे लागते, तेही ओल्या पायवाटेने, आणि मिठाची डबी इथेच उपयोगी पडते. अघनाशिनीवर मोठे धरण नाही, त्यामुळे पावसाळ्यात तिचे पाणी तिचे स्वतःचे असते. जोग पाहिल्यानंतर उंचळ्ळीला गेलात तर अडवलेली आणि न अडवलेली नदी यांतला फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या वास्तूंची आवड असेल तर शिरसीजवळचे बनवासी गाव, कदंब राजघराण्याची राजधानी, आणि तिथले मधुकेश्वराचे देऊळ. सागरकडे गेलात तर इक्केरी आणि केळदीची जुनी देवळे. लिंगनमक्कीच्या फुगवट्यापलीकडे सिगंदूरची चौडेश्वरी आहे. पूर्वी तिथे जायला गाड्या लाँचवर चढवाव्या लागत, जुलै २०२५ मध्ये २.४ किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि वाट सोपी झाली. हे सगळे एकाच दिवसात कोंबायचा प्रयत्न करू नका. एक निवडा.

परतीची वाट

जोगहून होन्नावरकडे उतरणारा घाट सदाहरित जंगलातून जातो. शरावतीच्या या खोऱ्यात सिंहपुच्छ माकडे आहेत, काळी, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीची. त्यांच्यासाठी अभयारण्य राखलेले आहे. रस्त्याकडेला दिसली तर गाडी न थांबवता हळू करा, हॉर्न वाजवू नका. घाट सकाळी नऊ-दहाला उतरायला घ्या, दोन तास हाताशी ठेवा. खाली उतरल्यावर गेरुसोप्पाच्या धरणाशी तीच शरावती शांत, रुंद झालेली दिसते आणि होन्नावरला समुद्राला मिळते. होन्नावरच्या खाडीपुलाअलीकडे जेवायला थांबा, मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. हात चाकांच्या रिमजवळ नेऊन बघा, रिमला लावू नका. फार गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर ब्रेक निवू द्या, मगच पुढे निघा.

होन्नावर ते कारवार साधारण ९० किलोमीटर, वाटेत गोकर्णाचा फाटा. त्या दिवशी मुक्काम गोकर्णला किंवा कारवारला करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळी नदीचा पूल ओलांडून गोव्यात शिरावे. गोव्यातून दारू महाराष्ट्रात आणायची असेल तर परवाना लागतो आणि नाक्यावर तपासणी होते. नको ती झंझट ओढवून घेऊ नका. पुणे-कोल्हापूरकडच्या मंडळींनी आंबोली घाट दिवसाउजेडीच चढायचा. सावंतवाडीला संध्याकाळचे पाच वाजून गेले असतील तर तिथेच खोली घ्या आणि सकाळी निघा.